माहिष्मतीचं खूळ, मुक्काम राजोडी

शिव शिव! काय चाललंय काय वसईकडच्या या राजोडीत? सुरूच्या बनात नवरानवरी लग्नाआधीचे फोटो काढून घेतात, इथवर आपण सोसलं. पण आता नवरदेव भाड्याचं चिलखत चढवून वाळूत उभा! चिलखत फायबरचं, तलवार पुठ्ठ्याची, आणि कॅमेऱ्यामागून हुकूम, "महाराज, पोट आत!" हे लग्न आहे की राज्याभिषेक?

दुखणं तसं जुनंच. १० जुलै २०१५ला राजामौळींचा 'बाहुबली' आला आणि कटप्पाने तरण्याबांड राजपुत्राच्या पाठीत तलवार खुपसून अख्ख्या देशाला टांगणीला लावलं. का मारलं? का मारलं? २८ एप्रिल २०१७ उजाडेपर्यंत लोकलमध्ये, मासळीबाजारात, बारशाच्या पंगतीत हाच घोर! सख्ख्या भावाने वाडीचा हिस्सा का दाबला, हे तरी कुणी इतक्या तळमळीने विचारलं होतं का?

आणि सिनेमातली ती यंत्रं! जुन्या काळच्या गोष्टीत दातेरी चाकं नि नळकांडी घुसवायची, या खुळाला परदेशात स्टीमपंक म्हणतात. त्यांचं वाफेवर भागतं. इथे भल्लालदेवाच्या पात्यांच्या रथाला कलादिग्दर्शक साबू सिरिल यांनी चक्क रॉयल एनफिल्डचं इंजिन बसवलं! बोला आता! तेव्हापासून अर्नाळ्याच्या रस्त्यावरचा प्रत्येक बुलेटवाला पुढच्या चाकाला पाती लावल्याच्या ऐटीत निघतो आणि बिचाऱ्या कोंबड्या जीव मुठीत घेऊन पळतात. पुढे ऐका. हंसाचं जहाज ढगात शिरतं. ताडाची झाडं वाकवून ढालींत गुंडाळलेले सैनिक तटापलीकडे भिरकावतात. अहो, वसईत काय ताडांना तोटा होता? पिढ्यान् पिढ्या आपण त्यांवर चढलो आणि ताडी तेवढी उतरवली. १७३९मध्ये चिमाजी अप्पा वसईच्या तटाखाली सुरुंग पेरत कित्येक आठवडे अडकून पडले. एकालाही ताड वाकवायचं सुचू नये?

कहर पुढेच आहे. सिनेमातल्या राज्याचं नाव माहिष्मती, आणि पुराणातली माहिष्मती म्हणजे नर्मदाकाठचं महेश्वर, असं बरेच जण मानतात. तिथला राजा सहस्रार्जुन. त्याला मारलं कुणी? परशुरामाने. आणि परशुराम कुणाचे? आपल्या शूर्पारकाचे, इथे हाकेच्या अंतरावरच्या निर्मळचे! म्हणजे ज्या मुलखाने माहिष्मतीचं नाव ऐकताच परशू परजायचा, तिथलीच कार्टी 'जय माहिष्मती' म्हणून बोंबलत फिरतात. याला फितुरी नाही तर काय म्हणायचं?

पोरांचं सोडा, थोरांनी काय दिवे लावले? "ती दाक्षिणात्य मारामारी कोण बघणार!" म्हणून नाक मुरडणाऱ्या काकू आता सराफाकडे देवसेनेची नथ मागतात. पकडलं की सबब तयार: "अगं, हिंदीत आवाज आपल्या शरद केळकरचा आहे ना, म्हणून बघितला." हो का! मग रम्या कृष्णनची शिवगामी बघून सुनेला "माझं वचन हेच शासन" कुणी ऐकवलं? तेही भांड्यांच्या पाळीवरून? आणि मामा! सत्यनारायणाच्या कथेला यांचे गुडघे धरतात. ३१ ऑक्टोबर २०२५ला दोन्ही भाग जोडून 'बाहुबली : द एपिक' आला, तेव्हा हेच गृहस्थ पावणेचार तास मांडी न हलवता बसले. मध्यंतरात केळ्याचे वेफर्स संपवले, तेही दुसऱ्याचे.

तुम्ही त्यातले नाही म्हणता? बरं. मग परवा गॅसचा सिलिंडर थेट खांद्यावर कशाला घेतलात? बरं घेतला तर घेतला, तो घेऊन आरशासमोर का थांबलात? आणि मागून ढोलताशांचा आवाज काढणारं कोण होतं, वहिनीच ना?