नानांचा रहाट

आमच्या प्राधिकरणात दोन प्लॉटमधली भिंत छातीपर्यंतच असते. ज्यानं कुणी ही उंची ठरवली त्याला गप्पांची कदर असणार. २०१९च्या नोव्हेंबरपासून पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून पाण्याचा दिवस तो धुण्याचा दिवस, आणि धुण्याचा दिवस तो आमच्या बातमीपत्राचा. परवा मी चादर झटकत होते, तर पलीकडून काकूंनी विचारलं, "तुझ्याकडे एखादं जुनं पातेलं आहे का गं? गेलं तरी चालेल असं?"

"गेलं म्हणजे?"

"परत न येणारं. माझं आमच्या ह्यांनी नेलं. शिसं वितळवायला."

चादर राहिली भिंतीवर. अशी बातमी अर्धवट टाकून कोण आत जाईल?

नाना म्हणजे टूलरूममध्ये उभा जन्म काढलेला माणूस. रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण खिशातला व्हर्निअर अजून निघालेला नाही. लेक-जावई मिशिगनला. आमच्या गल्लीतून चाकणला आणि चाकणहून डेट्रॉईटकडे, ही वाट इथं आता आळंदीच्या वाटेइतकी रुळली आहे. त्या जावईबापूंना मासे धरायचा नाद, तोही कयाकमध्ये बसून. कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी. पाय लांब करून बसायचं आणि वल्हवायचं. आता त्यांना त्या होडीवर बसवायचा आहे डाउनरिगर.

"तो काय असतो?" मी मागे एकदा विचारलं होतं, आणि चुकले. कारण त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी भोसरीची वर्कशॉपं बंद, त्यामुळे नाना घरीच. ते व्हरांड्यातून उठून आलेच.

"रहाट बघितलाय ना विहिरीवरचा? तोच. फक्त पोहऱ्याऐवजी शिशाचा गोळा, आणि दोरी किती सुटली ते सांगणारा काउंटर." मग त्यांनी आमच्या दोरीवरचा चिमटा काढला. माझ्या यजमानांचा पायजमा त्याच चिमट्यावर होता, तो पडला. "गळाचा दोरा गोळ्याजवळ अशा चिमट्यात धरायचा. गोळा खाली सोडला की गळ त्याच्याबरोबर खोल जातो. होडी हळूहळू पुढे जात राहते, गळ मागनं पळतो. माशानं झडप घातली की दोरा चिमट्यातून सुटतो. मग मासा आणि तुम्ही. मधे शिसं नाही."

"एवढं खोल कशाला जायचं?"

"उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं. सामन मासा खाली गार थरात उतरतो, दहा-बारा अंशांच्या. वर गळ फिरवून काय उपयोग?"

हे सगळं त्यांना २०१७ साली कळलं. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन त्या वर्षी ग्रँड रॅपिड्सला होतं, तेव्हा हे दोघं गेले होते. काकू नाटकं बघत होत्या, नाना जावयाबरोबर लेक मिशिगनच्या काठावर. तिथनं आल्यापासून नाना त्या सामनबद्दल सासुरवाडीच्या माणसासारखं बोलतात. तो मूळचा तिथला नाहीच म्हणे. तळ्यात एलवाईफ नावाचा बारका मासा माजला होता, म्हणून सरकारनं पॅसिफिककडचा कोहो सामन आणला आणि १९६६ साली त्याची पिल्लं तिथल्या नद्यांत सोडली. ती तळ्यात जाऊन वाढली, आणि मग त्यांना खोलातनं काढायला हे रहाट तिकडे घरोघरी झाले.

"तळं म्हणायचं आपलं. अठ्ठावन्न हजार चौरस किलोमीटर," नाना म्हणाले. "आपले साडेतीन पुणे जिल्हे बुडतील त्यात."

"शुभ बोला," काकू म्हणाल्या.

जावईबापूंनी आधी विजेवर चालणारा रहाट पसंत केला होता. बटण दाबलं की गोळा वर. नानांनी व्हिडिओ कॉलवरच तो नापास केला. त्याला बॅटरी लागणार, लांब दांडा असणार, पाच-पाच किलोचे गोळे ओढायची त्याची ताकद. ते मोटारबोटीचं काम. कयाकला हातानं फिरवायचा, आखूड दांड्याचा, आणि गोळा दोन किलोचा, बस्स. दोन किलो शिसं म्हणजे केवढं, माहीत आहे? क्रिकेटच्या चेंडूएवढं. नानांनी पोरांचा चेंडू व्हर्निअरनं मोजून साचा केला आणि गोळा घरीच ओतला. काकूंच्या पातेल्यात. शिशाचा धूर वाईट म्हणून गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, एवढी अक्कल होती. नंतर भोसरीत त्याला पिवळं पावडर कोटिंगही करून आणलं, म्हणजे हाताला शिसं लागायला नको.

"पण अण्णा," आमचे हे तेवढ्यात पायजमा उचलायला आले होते, नानांना ते अण्णा म्हणतात, "काउंटर वीस मीटर दाखवतो म्हणजे गोळा वीस मीटरवर असतो कशावरून?"

नानांचा चेहरा असा खुलला, जणू ऑडिटरनं बरोबर प्रश्न विचारलाय. "नसतोच! पतंग चढवलास की मांजा सरळ असतो का? तिरका जातो, पोट येतं. तसंच हे उलटं. होडी जितकी जोरात, गोळा जितका हलका, तितकी दोरी मागे. काउंटर दोरीची लांबी सांगतो, खोली नाही. म्हणून वल्हवायचं सावकाश, माणूस काठानं चालेल एवढं."

निवड इथं संपली. बसवण्यावरून मात्र दोन पुरुषांत जुंपली, आणि आम्ही दोघी भिंतीला कोपर टेकून ऐकत राहिलो. ह्यांचं म्हणणं सोपं. चार सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारा, झालं.

"गच्चीवरच्या टाकीला स्क्रू मारशील?" नानांनी विचारलं.

मुद्दा असा की कयाक आणि आपली पाण्याची टाकी सख्ख्या बहिणी. पॉलिथिनची पूड साच्यात घालायची, भट्टीत साचा गरगरा फिरवायचा, आतून थर बसतो. असलं प्लास्टिक स्क्रूला धरून ठेवत नाही, ओढ बसली की भोक मोठं होतं आणि स्क्रू हातात येतो. सील लावावं तर तेही त्याला चिकटत नाही, गळकी टाकी सांधायला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मारायचाच तर आरपार बोल्ट, आतून रुंद पट्टी, रबरी वॉशर आणि नायलॉक नट. पण आतून पट्टी लावायला हात पोचला पाहिजे, आणि जावयाच्या होडीचं झाकण नेमकं दुसऱ्या टोकाला.

म्हणून नानांनी भोकच पाडायचं नाही असं ठरवलं. होडीच्या दोन्ही कडांना सामान अडकवायचे रूळ असतात. त्यांवर आडवी, अ‍ॅल्युमिनियमची आठ मिलिमीटरची पट्टी, दोन टोकांना क्लॅम्प. रहाट त्या पट्टीवर. जावयानं पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याचे फोटो शेजारी फुटपट्टी ठेवून पाठवले. ह्यांच्या ओळखीच्या चाकणच्या व्हेंडरनं पट्टी लेझरवर कापून दिली. पैसे घेतले नाहीत, फक्त हे कशाचं फिक्स्चर आहे एवढं तीनदा विचारलं.

जागेवरून आणखी दोन संध्याकाळी गेल्या. पाठीमागे बसवलं तर प्रत्येक वेळी वळून बघावं लागतं, आणि अरुंद होडीत वळणं म्हणजे कलणं. फार पुढे बसवलं तर वल्ह्याला आडवं येतं. शेवटी गुडघ्याच्या जरा पुढे, उजव्या हाताला. दांडा होडीच्या कडेबाहेर वीतभरच. "दोन किलो वीतभर अंतरावर आणि तेच दोन किलो हातभर अंतरावर, यात फरक असतो," नाना म्हणाले. काकू म्हणाल्या, "पिशवी अंगाजवळ धरतात ती उगीच का?" नाना गप्प.

चाचणी घेतल्याशिवाय पट्टी अमेरिकेला जाईल तर ते नाना कसले. नमुन्यासाठी एक जुना रहाट जावयानं कुणाबरोबर तरी पाठवला होताच. पवना धरणाच्या काठाला काकूंच्या भाच्याचे तंबू आहेत आणि चार कयाक. एका रविवारी नाना आणि हे तिकडे. मासे धरायचा ठेका दुसऱ्यांचा, म्हणून गळबीळ काही नाही, नुसता गोळा. तसेही आपले रोहू-कटला कणकेच्या गोळ्यावर येणारे. त्यांना ह्या थाटाचं काय? लाइफ जॅकेट मात्र काकूंनी घालायलाच लावलं. त्या धरणात बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

काठावरून हे व्हिडिओ घेत होते, तो मी पाहिलाय. पहिली पाच मिनिटं छान. मग होडी एकदम थांबते. गोळा खाली कशात तरी अडकला, बुडालेल्या झाडाच्या खोडात असेल. मागून वारा. दांडा वाकतो, होडीची उजवी कड पाण्याला टेकते, नानांची टोपी जाते. रहाटाला ब्रेक असतो, ओढ वाढली की दोरी आपोआप सुटावी म्हणून. नानांनी तो मनासारखा घट्ट पिळला होता. टूलरूमची सवय, सैल काही ठेवायचं नाही. शेवटी कमरेची सुरी काढून दोरी कापली. तारेऐवजी विणलेली दोरी भरली होती म्हणून कापली गेली. पोलादी तार असती तर सुरीनं नुसती खाजवत बसावी लागली असती.

"माझी भाजीची सुरी," काकू म्हणाल्या. "मी दिली होती म्हणून वाचले."

पट्टी मात्र जागची हलली नाही. नानांनी घरी येऊन ब्रेक सैल केला, सुरीसाठी पट्टीवरच एक म्यान बसवलं, आणि सगळं भाजणीच्या पिठाबरोबर एका बॅगेत भरलंय. तेवीस किलोत बसतं. पुढच्या महिन्यात शेजारच्या सोसायटीतली मंडळी तिकडे निघालीत, त्यांच्याबरोबर जाईल. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

"मग आता पातेलं कशाला?" मी परवा चादर झटकता झटकता विचारलं.

"दुसरा गोळा ओतायचाय. पहिला पवनेत राहिला ना!" मागून नाना म्हणाले.

हे काकूंना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी हातातला ओला टॉवेल बादलीत सोडला. "अहो, शिसं? धरणात? तेच पाणी रावेतला उचलतात आणि सेक्टर तेवीसला गाळून आपल्याला देतात!"

"साडेआठ टीएमसीचं धरण आहे. आणि पावडर कोटिंग केलंय मी."

"ते काही नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं ना? तेव्हा जायचं आणि गोळा शोधून आणायचा. पिवळा आहे, दिसेल."

नाना माझ्याकडे वळले. "तुझ्याकडे स्टीलचं असेल तर बरं. अ‍ॅल्युमिनियमचं फार लवकर तापतं."

तेवढ्यात खाली नळ खळखळला, आणि तिघंही आपापल्या मोटारीकडे पळालो.