नकाराचे पैसे

‘पैसे मोजलेत ना आपण त्याला?’

हे वाक्य मी क्रोएशियात ऐकलं. ह्वार बेटावरच्या स्तारी ग्रादच्या धक्क्यावर, स्वच्छ मराठीत. बोलणारे आमच्याच बोटीवरचे एक ज्येष्ठ मित्र. आठ जणांनी मिळून आठवड्यासाठी शिडाची बोट भाड्याने घेतली होती, सोबत स्प्लिटचा एक कप्तान घेतला होता, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, आज व्हिस बेटावर जायचं नाही. आभाळ भरलेलं होतं, हवा कोंदट होती, पण खाडीतलं पाणी जेमतेम हलत होतं. आमच्या कागदावर त्या दिवशी व्हिस होतं आणि दुसऱ्या दिवशी बिशेवोची निळी गुहा. त्याने कागदाकडे पाहिलंही नाही. ‘यूगो येतोय,’ एवढंच म्हणाला आणि दोराला आणखी एक वेढा दिला.

त्या वाक्याचा मला तेव्हा राग आला होता, आजही येतो. पैसे मोजले होते ते नेमके या नकारासाठीच.

यूगो हा आग्नेयेकडून येणारा उबदार, दमट वारा. त्या किनाऱ्यावरचा ‘बुरा’ डोंगरावरून अचानक कोसळतो. यूगोचं तसं नाही. तो दोन-तीन दिवस घेऊन वाढतो, लांबून लाटा गोळा करत आणतो. स्तारी ग्रादची खाडी वायव्येकडे उघडणारी, आत लांबवर शिरलेली. तिथे बसून हा वारा कळत नाही. बेटाचं पश्चिम टोक वळून आडोसा संपला की कळतो, आणि तेव्हा मागे फिरायला उशीर झालेला असतो. निळ्या गुहेचं तोंड इतकं बुटकं की आत फक्त छोट्या होड्या जातात. लाट वाढली की गुहाच बंद. म्हणजे आमचे ज्येष्ठ मित्र ज्यासाठी भांडत होते ते त्या दिवशी मिळणारच नव्हतं. मिळाली असती ती फक्त ओकारी.

आता मराठी मंडळी तिकडे जाऊ लागली आहेत. चांगलं आहे. मोठ्या जहाजावर तीन हजार माणसांत रांगा लावण्यापेक्षा चाळीस फुटी बोटीवर आठवडा काढणं केव्हाही शहाणपणाचं. पण कप्तान का घ्यायचा, याचं उत्तर आपल्याकडे चुकीचं दिलं जातं. तिथे बोट हातात मिळायला मान्य असलेला परवाना आणि रेडिओ वापरण्याचा दाखला, दोन्ही लागतात. आपल्यातल्या बहुतेकांकडे ते नसतं. म्हणून ‘नाइलाजाने’ माणूस घ्यावा लागतो, असं समजलं जातं. एकदा नाइलाज म्हटलं की तो माणूस खर्चाच्या यादीतली एक ओळ होतो. मग त्याच्याशी आपण भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरशी बोलतो तसं बोलतो. ड्रायव्हरशीही तसं बोलू नये, पण तो वेगळा लेख होईल.

बोट तुम्ही भाड्याने घेतली असली तरी बोटीवर हुकूम कप्तानाचा चालतो. निघायचं की नाही, नांगर कुठे टाकायचा, शीड किती उघडायचं, हे तो ठरवतो, कारण काही झालं तर जाब त्याला द्यावा लागतो. तो तुमचा स्वयंपाकी नाही, भांडी घासणारा नाही, तुमच्या मुलांना सांभाळणारा नाही. त्याचा रोजचा मेहनताना बोटीच्या भाड्याहून वेगळा असतो आणि त्याचं जेवण तुमच्याकडे असतं. जेवण म्हणजे तुमच्याच टेबलावर, तुमच्याबरोबर. आपण पिठलं-भात खाऊन त्याला पावाचं पाकीट देणं हे जेवण नव्हे. आमच्या कप्तानाने मेतकूट-भात तीनदा मागून घेतला.

आणि झोप. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. चार केबिनच्या बोटीत आठ माणसं बसवायची आणि कप्तानाला मधल्या खोलीतल्या सोफ्यावर लोटायचं, असा हिशेब सर्रास होतो. त्या सोफ्याशेजारी तुम्ही रात्री बारापर्यंत पत्ते खेळता. वारा फिरला, नांगर सरकला, तर पहाटे तीनला उठून बाहेर धावणारा माणूस तोच असतो. दिवसभर सुकाणूवर असतो तोही तोच. त्याची झोप हे तुमच्या सहलीतलं सुरक्षेचं पहिलं साधन आहे, लाइफ जॅकेटच्याही आधीचं. नाळेत वरच्या झाकणातून उतरायची इवलीशी केबिन असते, निदान ती तरी त्याला द्या. बोट ठरवतानाच हे विचारा. तिथे गेल्यावर काही हाती राहत नाही.

कप्तान तिथलाच का हवा? परवाना कुणाकडेही असतो. पण कुठल्या खाडीतला कुठला बोया कुठल्या खानावळीचा आहे, तिथे रात्रीचं जेवण घेतलं की बोट बांधण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, ‘पेका’ म्हणजे निखाऱ्यांखाली झाकून शिजवलेलं मांस किंवा ऑक्टोपस हवा असेल तर कित्येक तास आधी फोन करावा लागतो, हे तिथल्याच माणसाला ठाऊक असतं. तळाशी समुद्रगवत आहे की वाळू, हे तो पाण्याच्या रंगावरून ओळखतो. गवतात नांगर नीट धरत नाही, शिवाय ते गवत ओरबाडून निघतं आणि पुन्हा उगवायला फार वेळ घेतं. ह्वार शहरासमोर पाक्लेनी नावाची बेटं आहेत. भाषांतराच्या भरवशावर फिरणारे त्यांना ‘नरकाची बेटं’ म्हणतात. आमच्या कप्तानाने सांगितलं की ते ‘पाक्लिना’वरून आलं, पाइनच्या डिंकावरून. होड्यांच्या फळ्यांना तो माखत असत. होड्या तेलवून ठेवणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे नाव एका क्षणात जवळचं वाटेल.

यूगो दोन दिवस राहिला. पहिल्या दुपारी कप्तान आम्हाला त्व्रदाल्यला घेऊन गेला. पेतार हेक्तोरोविच नावाच्या कवीचा हा सोळाव्या शतकातला वाडा, किल्ल्यासारखा बंदिस्त, आत माशांचा तलाव. आजही त्यात मासे फिरतात. आणि तिथे मला कळलं की कप्तान घेऊन बेटांवर निवांत फिरण्याचं काव्य याच गावातल्या माणसाने लिहून ठेवलं आहे. हेक्तोरोविच दोन कोळ्यांना घेऊन ब्राच आणि शोल्ता बेटांकडे तीन दिवस होडीतून गेला आणि ती सहल त्याने काव्यात सांगितली. १५६८ मध्ये ती व्हेनिसमध्ये छापली गेली. तो सरदार घराण्यातला, ते दोघं मासे पकडून पोट भरणारे. तरी त्या पुस्तकात दोघांची नावं आहेत, पास्कोये आणि निकोला. त्यांची कोडी आहेत, त्यांचं शहाणपण आहे. त्यांनी वाटेत म्हटलेली गाणी आहेत, आणि काही गाण्यांची तर सुरावट लिहून छापली आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी एका श्रीमंत माणसाने होडीवाल्यांचं म्हणणं मन लावून ऐकलं, म्हणून ती गाणी उरली.

आमच्या बोटीवर, पाचव्या दिवशी, आठांपैकी तिघांना कप्तानाचं नाव सांगता येत नव्हतं. मी विचारून पाहिलं. ‘तो’, ‘कॅप्टन’, ‘आपला माणूस’.

आपल्याला ही समज नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे तांडेल हा शब्द आहे, आणि त्या शब्दाचं वजनही आहे. तांडेल नको म्हणाला की होडी पाण्यात लोटली जात नाही. खलाशी त्याच्यापुढे कागद नाचवत नाही. मालवणहून सिंधुदुर्गाला जाताना पाण्याखाली खडक आहेत, आणि होडी कुठून वळवायची ते होडीवाल्यालाच कळतं. तिथेही ‘जवळून घ्या ना, फोटो काढायचाय’ म्हणणारा पर्यटक असतोच, जॅकेट काढून मांडीवर ठेवलेला. किनाऱ्यावरच्या माणसाला जे जन्मापासून माहीत असतं ते घाटावरून येणारा माणूस तिकिटाचे पैसे देताना विसरतो. ते विसरणं पासपोर्टसकट युरोपात न्यायची गरज नाही.

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो. बोटी बहुधा शनिवारी संध्याकाळी हाती येतात आणि शुक्रवारी संध्याकाळी तळावर परत आणाव्या लागतात. शिडाची बोट ताशी दहाएक किलोमीटर जाते. एवढ्यात सहा बेटं कोंबू नका. पहिल्या संध्याकाळी कप्तानाबरोबर बसा. कुणाला पोहता येत नाही, कुणाला बोट लागते, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोण मासे खात नाही, हे त्याला सांगा. कुठे जायला आवडेल तेही सांगा, आणि मग कागद बॅगेत ठेवा. दाल्मेशियात, म्हणजे या किनाऱ्यावर, ‘पोमालो’ असा एक शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. सावकाश, बेताने, होईल. आम्हाला तो पहिल्या दोन दिवसांत आळस वाटला होता.

व्हिस आमचं राहिलं. हे बेट युगोस्लाव्ह लष्कराने १९८९ पर्यंत परदेशी माणसाला बंद ठेवलं होतं, आणि त्या बंदीमुळेच ते तसंच्या तसं उरलं, असं ऐकून मी त्यासाठी फार उत्सुक होतो. वाईट वाटलं. पण यूगो सरल्यावर उरलेल्या दिवसांत कप्तानाने बोट शोल्ताच्या नेचुयाम खाडीकडे घेतली, जिथे हेक्तोरोविचही गेला होता. आभाळ धुतल्यासारखं झालेलं. अकराच्या सुमाराला वायव्येकडून माएस्त्राल उठला, उन्हाळ्यात दुपारी वाहणारा तिथला भला वारा. कप्तानाने इंजिन बंद केलं आणि मोठं शीड ओढायला दोघांना बोलावलं. दोरावर पहिला हात टाकला तो धक्क्यावर पैशांची आठवण करून देणाऱ्या आमच्या मित्रांनी. कसं ओढायचं ते कप्तानाने दाखवलं, त्यांनी तसं ओढलं. बोट कलली, पाण्याचा आवाज सुरू झाला. नेचुयामला किती वाजता पोचू, हे कुणी विचारलं नाही.