‘बावर्ची’वाले अण्णा

अण्णांना ‘बावर्ची’ पाठ आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. त्यांना तो एकट्याने बघवत नाही, ही तक्रार आहे. घरात नवी सून येवो, जावयाचा मित्र येवो, ‘तू बावर्ची बघितला नाहीस?’ हा प्रश्न ते अशा काळजीने विचारतात की देवीची लस टोचून घ्यायची राहून गेली असावी, असं समोरच्याला वाटतं.

या चित्रपटाची श्रेयनामावली पडद्यावर लिहून येत नाही, अमिताभ बच्चनच्या आवाजात ऐकू येते. त्या वेळी अण्णा ‘ऐका, ऐका!’ असं इतक्या मोठ्यांदा म्हणतात की आजवर ती आमच्यापैकी कोणीही धड ऐकलेली नाही. मग माहिती सुरू. साल 1972. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. मूळ बंगाली, तपन सिन्हांचा, 1966 चा. ‘पण याला चोरी नाही म्हणायचं हं!’ पुढे परदेशी तबकड्या ऐकून चाली उचलणारा असरानी दिसला, की ‘चोर लेकाचा!’

घराचं नाव शांतिनिवास, आणि सकाळचा चहा कोणी करायचा यावरून रोज महाभारत. स्वयंपाकी टिकत नाही. दोन जावा, दुर्गा खोटे आणि उषा किरण. ‘दोघी आपल्या मराठी!’ हे अण्णा अशा थाटात सांगतात की जणू भूमिका यांनीच मिळवून दिल्या. ‘भोर आई गया अंधियारा’ लागलं की मदन मोहनच्या चालीत सगळ्यांनी गायचं. मन्ना डे आणि किशोरकुमार दोघांच्याही ओळी मात्र अण्णांच्या वाट्याच्या. आपण हुं हुं करायचं.

खरी गंमत पुढेच आहे. या घरातलं प्रत्येक माणूस अण्णांनी आपल्या घरात शोधून ठेवलंय. धाकटा चिरंजीव म्हणजे असरानी. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दुर्गा खोटे, आणि हे कौतुक आहे असं अण्णांना मनापासून वाटतं. स्वतः अर्थात राजेश खन्ना, म्हणजे त्या घरी आलेला नवा स्वयंपाकी रघू. रघूला स्वयंपाक येतो, गाणं येतं, नाच येतो, शिकवता येतं, भांडणं मिटवता येतात. अण्णांना यातलं फक्त रघूसारखं बोलता येतं. घरच्यांना त्यांच्यात दिसतात ते हरिंद्रनाथ चट्टोपाध्यायांचे दादूजी, बसल्या जागेवरून चहासाठी घर डोक्यावर घेणारे. साधं राहण्याबद्दल रघू बोलतो तिथे अण्णांचे डोळे हमखास भरून येतात. उपरण्याने ते टिपता टिपताच आतल्या दिशेने विचारणा होते, ‘अगं, चहाचं काय झालं?’

मागच्या खेपेला काकू चहाचा कप आपटून तिथेच बसल्या. म्हणाल्या, ‘ती जया भादुरी पहिल्यापासून राबतेय, तिचं कोणाला काही नाही. पुरुषाने चार दिवस पोळ्या लाटल्या की लगेच देवमाणूस!’

अण्णा म्हणाले, ‘आवाज कमी झाला वाटतं टीव्हीचा.’

मला हा चित्रपट अजूनही फार आवडतो, पण काकूंचं म्हणणं खोडायची माझी छाती नाही. तुम्ही पाहिला नसेल तर जरूर बघा, फक्त अण्णांकडे बघू नका. आणि गेलातच, तर चहा घरून पिऊन जा.