चिंधीकाकू

लिफ्टमध्ये चिंधीकाकू भेटल्या की मी आपोआप हाताची घडी घालतो. त्यांची नजर माणसाच्या तोंडावर कधी नसते. ती कॉलरवरून उतरते, खिशापाशी थबकते, बटणपट्टी मोजते आणि मी वळलो की पाठीवर जाऊन टेकते. पाठ म्हणजे शर्टातला सगळ्यांत मोठा सलग तुकडा. खाटकाने बोकड चाचपावा तशी माझी पाठ चाचपून झाली की काकू प्रेमाने विचारतात, "कॉटन आहे ना रे? अजून किती दिवस घालणार?"

वसई-विरारच्या कुठल्याही सोसायटीत शिरा, एक चिंधीकाकू सापडतेच. पापडीकडे ती लुगडं नेसणारी ख्रिस्ती आजी असेल, नालासोपाऱ्यात गिरणगावातून आलेली मालवणी मावशी असेल. पलंगाखालचं गाठोडं मात्र एकाच मापाचं. आमच्या काकूंचं घर वन बीएचके आहे. त्यात बेडरूम चिंध्यांची, हॉल शिवणयंत्राचा, आणि काका जिथे जागा मिळेल तिथे. चौरस फुटाचा आजचा भाव लावला तर त्या घरातली चिंधी काकांपेक्षा महागाच्या जागेत राहते. हे मी एकदा काकूंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "चिंधी घोरत नाही."

गोधडी हा त्यांचा धर्म आणि कात्री हा त्यातला अधर्म. गोधडीसाठी जुनं लुगडं कापायचं नसतं, फाडायचं असतं. कडेला दातांनी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं. सुती कापड धाग्याला धरून टर्रकन सरळ फाटतं, रेघ मारायला नको, पट्टी नको, आणि वाया जातात त्या शेवटी लोंबणाऱ्या दोन दशा. लहान तुकडा लहान जागी, मोठा मोठ्या जागी, भोक असेल तिथे ठिगळ, वरून धावदोरा. वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या पट्ट्यात कपडे शिवायचे गाळे आहेत. तिथली कतरन किलोवर मिळते आणि काकूंची पिशवी बघितली की गाळ्यातली पोरं आपणहून गोणी पुढे ओढतात. हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग अमेरिकेतल्या लेकीने आईचे हात दुखतात म्हणून यंत्र आणलं.

ते यंत्र म्हणजे रसवंतीच्या चरकाचं घरगुती पिल्लू. दोन रूळ, बाजूला फिरवायचा दांडा. खाली एक फळी. तिच्यावर जाड फोम आणि फोमात चौकोनी आकारात पोलादी पातं उभं गाडलेलं. फळीवर कापड अंथरायचं, वर प्लॅस्टिकची चटई ठेवायची, सगळं रुळात सरकवायचं आणि दांडा फिरवायचा. दाब पडला की फोम दबतो, पातं वर येतं, कापड कापलं जातं. तिकडे ओमाहा नावाच्या गावची एक कंपनी गोधडीवाल्यांसाठी अशीच यंत्रं बनवते. आपल्याकडे मिठाईचे खोके याच जातीच्या पात्याने कापतात, फक्त ते यंत्र हत्तीएवढं असतं.

पहिल्या दिवशी दांडा फिरवायला मला बोलावलं होतं, कारण काका वेळेवर देवळात गेले होते. काकूंनी फळी झाकेल एवढा, ६ इंच बाय ६ इंच तुकडा ठेवला. कर्र आवाज झाला. आतून साडेचार इंचांचा चौकोन निघाला, असा नेटका की कडेला एक दशी नाही. मी वा म्हणालो. काकूंनी चौकोनाकडे बघितलंच नाही. फोमावर जी चौकट उरली होती ती त्यांनी दोन बोटांत धरून उजेडात उचलली. मधे खिडकी, भोवती पाऊण इंचाची किनार, कशालाच उपयोगाची नाही. त्या आत गेल्या आणि डिजिटल काटा घेऊन आल्या. त्या काट्यावर एरवी केशर आणि बेसनाच्या लाडवाचं बेसन तोलतात.

"शंभर ग्रॅम कापडात चव्वेचाळीस ग्रॅम चिंधी!" काकू मटकन खाली बसल्या. "अरे, निम्मं लुगडं गेलं की!"

हिशोब खरा होता. ३६ चौरस इंचांतले सव्वावीस कामाचे, उरलेले पावणेसोळा गेले. लेकीला त्याच रात्री व्हिडिओवर धरलं. तिकडे लोक कापड विकत आणून कापतात, त्यामुळे ती म्हणाली, "आई, थोडं वाया जाणारच." काकूंच्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं.

काकूंनी मला जे समजावलं ते शंकरपाळ्यांच्या भाषेत. "कातण्याने शंकरपाळी कापलीस तर एकीची कड तीच दुसरीची कड. मधे उरतं काय? काही नाही. आता वाटीने पुऱ्या काप. प्रत्येक पुरीभोवती जाळी उरतेच. हे यंत्र म्हणजे वाटी आहे. आणि जाळीची कणीक पुन्हा मळता येते रे, कापड कसं मळू?"

दुसरी बाई असती तर यंत्र माळ्यावर गेलं असतं. पण काकूंनी २५ वर्षं लोकलने नोकरी केली आहे. सीट मिळावी म्हणून वसईहून आधी उलटं विरारला जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं, या प्रकारात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. तिघींच्या बाकावर चौथी कशी बसते, पहिलीने किती आत सरकायचं, पर्स कुठे जाते, डबा कुठे जातो आणि उरलेल्या दोन इंचांत दाराजवळच्या बाईचा कोपर कसा मावतो, हे ज्यांना कळलं त्यांना फळीवर कापड कसं बसवायचं हे अमेरिकेने शिकवायचं कारण नाही.

आधी त्यांनी लेकीने नातवंडांसाठी आणलेलं मार्कर घेऊन फोमावर पात्याच्या रेघेवरच रेघ मारली. पातं फोमात बुडालेलं असतं म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून माणूस भीतीपोटी सगळी फळी झाकतो. रेघ दिसली की भीती गेली. आता कापड पात्याच्या बाहेर प्रत्येक बाजूला फक्त एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. साडेचारच्या चौकोनाला पावणेपाचचा तुकडा. पुन्हा काटा आला. चिंधी शंभरात दहा ग्रॅम. ४४ इंची पन्ह्यातून आधी सात चौकोन पडत होते, आता नऊ. कात्रीनेही नऊच पडतात, म्हणजे काकूंनी यंत्राला ओढून कात्रीच्या बरोबरीला आणलं. एवढं झाल्यावर यंत्राने वाचवलेला वेळ कुठे गेला असं मी विचारलं नाही. पावणेपाच इंचांची पट्टी आखून फाडण्यात तो सगळा खर्च झाला होता.

मग थर. एकेक तुकडा रुळातून काढत बसलं तर काका देवळातून परत येतच नाहीत. सुती कापडाचे सहा थर एका वेळी कापले जातात. त्यासाठी सहा वेगळे तुकडे रचायचे तर प्रत्येकाला चारी बाजूंनी कड सोडावी लागते. काकूंनी लांब पट्टी घेतली, डावीकडे-उजवीकडे दुमडली आणि चिमटीत धरली. साडीच्या निऱ्या! पन्नास वर्षं रोज सकाळी हात ते करत आले आहेत. सहा निऱ्या, पात्याच्या मापाच्या, एकीवर एक. पट्टी ठेवताना उभा धागा रुळाच्या दिशेने. आडवा ठेवला तर रूळ कापड ओढतो, ते ताणलं जातं आणि चौकोनाचा पतंग होतो. पहिल्या आठवड्यात असे चौदा पतंग झाले होते. ते टाकले असतील असं वाटणाऱ्या वाचकाने हा लेख पहिल्यापासून वाचावा.

कामाच्या वेळी काका दांड्यावर असतात. "फिरवा... थांबा. चटई पालथी घाला, एकाच बाजूने वापरली की वाकते." काका पालथी घालतात. निवृत्तीनंतर आपल्याला इतकं स्पष्ट काम कुणी दिलं नव्हतं असं त्यांनी मला खासगीत सांगितलं. मात्र चटई काढली की पहिली नजर काकूंची, आणि ती जाळीवर. चौकोन नंतर मोजतात.

उरलेल्या त्या दहा ग्रॅमांचं काय होतं याची मला उत्सुकता होती, कारण आमच्या इमारतीतली कचऱ्याची गाडी काकूंच्या दारातून कायम रिकामी जाते. मोठी चौकट बाल्कनीत कारल्याच्या वेलाला ओढून बांधली जाते. बारीक दोरे उशीत. मधल्या मापाच्या कडा विणून पायपुसणं. पन्ह्याच्या टोकाला उरलेली सव्वा इंची पट्टी लोणच्याच्या बरणीवरचा दादरा बांधायला. पात्याच्या खाचेत अडकलेले तंतूसुद्धा त्या टाचणीने काढतात आणि डबीत ठेवतात. कशाला, हे अजून ठरलेलं नाही.

२०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा काढला, तेव्हाही काकूंची पहिली प्रतिक्रिया, "मधे काही उरलं तर नाही ना?" अशीच होती असं काका सांगतात. मला ते पूर्ण खरं वाटतं.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या बाळासाठी गोधडी आली. निळे-पांढरे चौकोन, काटकोनाला काटकोन, वरून बारीक धावदोरा. एका चौकोनाला चक्क खिसा होता. माझ्या चेक्सच्या शर्टाचा. उसवला असता तर खालचं कापड फिकं-गडद दिसलं असतं आणि खिशाचं कापड वेगळं उरलं असतं, म्हणून तसाच कापला. बोट घातलं तर आत विरार ते चर्चगेटचं रिटर्न तिकीट निघालं, धुऊन इस्त्री झालेलं. शर्ट मी दिला नव्हता. दोरीवरून उडून खाली पडला होता असं घरात सगळ्यांचं मत आहे.

आभार मानायला वर गेलो तर लेक व्हिडिओवर होती. दिवाळीला येताना नवी फळी आणते म्हणत होती, गोल आकाराची, फार गोड दिसते म्हणे. काकूंनी फोन भिंतीला टेकवला, टेबलावर पाच रुपयांची चार नाणी एकमेकांना चिकटवून ठेवली आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"आणि हे कोण पांघरणार? तुझा बाप?"

दांड्यावर बसलेल्या काकांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी हे फोनवर दिसलं नाही. "मधमाशीच्या घराचं मिळतं का बघ," काकू म्हणाल्या, "सहा कोनांचं. मधे फट राहत नाही." आणि मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या जागी नजर टेकवून, "हा नवीन घेतलास वाटतं?"

मी हाताची घडी घातली.