बुडावरचा त्रिकोण

पुण्य कमवायला आता काशीला जावं लागत नाही. डबा उलटा करायचा, बुडावर बाणांचा त्रिकोण दिसला की हात जोडायचे आणि डबा सुक्या कचऱ्यात सोडायचा. वसुंधरा वाचली!

या त्रिकोणाने मुळात असं काही कबूलच केलेलं नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने एक ते सात आकडे काढले, ते वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे एवढंच सांगायला. लोक बाणांना भुलतात म्हणून २०१३ मध्ये तिथल्या मानकात बाण जाऊन साधा त्रिकोण आला. आपल्याकडे बाण अजून गरगरतात.

एक नंबर म्हणजे पाण्याची बाटली, दोन म्हणजे शाम्पूची. भंगारवाल्याकडे दोघींना मान. चार नंबरची दुधाची पिशवीही खपते. पाच नंबरचा आइस्क्रीमचा डबा मात्र मराठी घरात कचरा होतच नाही; त्यात आधी कोथिंबीर, मग पापड, पुढे बटणं आणि म्हातारपणी मिरचीचं रोप. सहा नंबरात थर्माकोल येतो. सात म्हणजे 'इतर', अर्थात नावडतीची मुलं. प्लास्टिक आणि धातूच्या थरांचं वेफर्सचं पाकीट त्याच गोतावळ्यातलं. थर सुटे करणं महाकठीण, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक नाही. निम्म्या पाकिटात तर हवाच विकलेली असते!

हौसिंग सोसायटीत यावर व्याख्यान होतं. 'प्लास्टिक हटवा' हा फलक फ्लेक्सचा असतो, म्हणजे बहुधा तीन नंबरच्या पीव्हीसीचा. वक्त्यासमोर एक नंबरची बाटली असते.

खरे तज्ज्ञ बसतात धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये. तिथे भंगारातलं प्लास्टिक निवडणारा कामगार आकडा शोधत बसत नाही. तुकडा वाकवतो, वाजवतो, पाण्यात टाकतो: एक नंबर बुडतो, पाच तरंगतो. शंका उरलीच तर कोपरा पेटवून वास घेतो. पीव्हीसीचा धूर घशात ॲसिडसारखा जातो. त्याबद्दल कुणी मानधन, शाल-श्रीफळ देत नाही. ते वक्त्यासाठी राखलेलं असतं.

तेव्हा वाचकहो, त्रिकोणाची पूजा पुरे. दुधाची पिशवी कापताना कोपरा पिशवीलाच लटकता ठेवा, कारण तो सुटा चिटुकला कुणी वेचत नाही. पिशवी धुऊन वाळवा आणि कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हातात कोरडी द्या.