आमचे गुलाब, त्यांची पूजा

कोथरूडमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्याने गुलाब लावू नयेत. लावलेच, तर ते आपले आहेत अशा भ्रमात राहू नये. आमच्या गुलाबांवर पहिला हक्क बुरशीचा, दुसरा पहाटे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन फुलं गोळा करणाऱ्या आजोबांचा. उरलेले काटे माझे.

हिवाळ्यात पानांवर पांढरी भुरी आली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पानं पाण्याने धुवा. भुरीचे बीजाणू ओल्या पानावर रुजत नाहीत. गुण आला. तेव्हापासून मी स्वतःला वनस्पतिरोगतज्ज्ञ समजू लागलो आणि भर श्रावणातही पावसाने उसंत घेतली की पाइप हातात घेऊ लागलो. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला नेमकं हेच हवं असतं. पान सातेक तास ओलं राहिलं की तिचं बस्तान बसतं. पाऊस थकला तरी मी थकलो नाही. पानं पिवळी पडून गळू लागली, ती मी सेंद्रिय आच्छादन म्हणून बुंध्याशी पसरली.

मग बुरशीवर उपाय म्हणून बोर्डो मिश्रण करायचं ठरलं. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. आमची झाडं चार. भागाकार करून आंघोळीच्या प्लॅस्टिक बादलीत मिश्रण केलं, कारण धातूचं भांडं चालत नाही. त्यात लोखंडी पातं बुडवून बघायचं. तांबूस थर चढला तर चुना कमी. घरात लोखंडी पातं एकच, विळीचं. थर छान चढला.

"आता हिच्यावर भेंडी चिरू?" बायकोने विचारलं. मी चुना वाढवला आणि बाहेर सटकलो.

या मिश्रणाचा इतिहास मला फारच भावला होता. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून नेत, म्हणून बागायतदार वेलींवर निळसर काहीतरी शिंपडत. त्या वेलींना केवडा रोग होत नाही, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी हेरलं आणि १८८५ मध्ये औषध जाहीर केलं. म्हणजे मूळ फवारा चोरांसाठीच! मी फुलांवरही सढळ हाताने मारला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बेल वाजली. दारात आजोबा, पिशवी रिकामी.

"काय मारलंत हे? देवाला वाहायची फुलं आहेत!"

"बुरशी झालीय..."

"होणारच. आधी ती खाली गळलेली पानं उचला, बुरशी त्यातच राहते. पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको. रोज बघतोय मी."

मी मान डोलावली.

"आणि फवारायच्या आदल्या दिवशी पाटी लावत चला. आमचा खोळंबा होतो."