ते तुमच्या बाजूचं

यवतमाळात प्लॉटची हद्द वर्षातून आठ महिने दिसते. उरलेले चार महिने ती गाजरगवताखाली असते आणि तेवढा काळ शेजाऱ्याशी संबंध सलोख्याचे राहतात, कारण हद्द नेमकी कुठे आहे हे कोणालाच जाणून घ्यायचं नसतं. एरवी आमच्या लेआउटमधली माणसं वीतभर जागेसाठी मोजणी आणतात, रोवलेला दगड रात्रीतून सरकला तर नाही ना, हे दात घासता घासता पाहून येतात. खेड्यात धुऱ्यापायी डोकी फुटलेली ज्यांनी पाहिली, ते शहरात आले तरी धुरा सोबत घेऊनच येतात. पण मृगाचे दोन पाऊस पडू द्या, हीच माणसं कर्णाचा अवतार होतात. ‘ते तुमच्या बाजूचं आहे जी,’ असं म्हणत कंबरभर गवतासकट दोन-दोन फूट जागा शेजाऱ्याला देऊन टाकतात. स्टँप ड्यूटीसुद्धा लागत नाही.

१९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात हद्दीच्या खुणा शाबूत राखण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे. आमच्याकडे ती गवताने पत्करली आहे. खूण इतकी सुरक्षित राहते की चार महिने खुद्द मालकालाही सापडत नाही.

हे गवत मूळचं इथलं नव्हे. मेक्सिकोकडची ही मंडळी. १९५० च्या दशकात ती पुण्यात नजरेत भरली. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून बी आलं, असं सर्वसाधारण मानतात. पुण्याला आलेली कुठलीही गोष्ट विदर्भात पोचायला पिढ्या जातात, हा आमचा जुना अनुशेष. या एका बाबतीत मात्र आमच्यावर अन्याय झाला नाही. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, ओल मिळाली की ते कुठल्याही महिन्यात उगवतं, आणि आसपास दुसऱ्याला नीट वाढू देत नाही. प्लास्टिकची पिशवी चवीने खाणारी बकरी याच्याजवळ येते, हुंगते आणि पुढे जाते. आम्हाला पुढे जाता येत नाही. आम्ही तिथेच उभे राहून शिंकतो आणि कोपरापर्यंत खाजवतो.

तण संशोधनाची जबलपूरची संस्था दरवर्षी ऑगस्टात गाजरगवत जागृती सप्ताह पाळते. फुलोऱ्याआधी उपटा, असं त्यात बजावून सांगतात. सल्ला बिनतोड आहे, फक्त तोवर आमचं गवत पांढरं शुभ्र फुलून, सप्ताहाला हजर राहायला जणू इस्त्री करून उभं असतं.

माझ्या पूर्वेच्या प्लॉटचे मालक पुण्याला असतात. जागा ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून घेतलेली. कुंपण म्हणून त्यांनी बेशरमाच्या काड्या खोचल्या होत्या. बेशरमाला जनावर तोंड लावत नाही आणि तोडून फेकलेली काडीही पडल्या जागी मूळ धरते. जुलैत मी फोन केला. म्हणालो, साहेब, तुमच्या प्लॉटमधून काल जनावर निघालं, चांगलं चार हात लांब. ते म्हणाले, “अरे वा, म्हणजे निसर्ग अजून टिकून आहे तिकडे.” मग, दिवाळीत येतोच आहे, तेव्हा पाहू. दिवाळीपर्यंत गवत आपलं आपणच वाळतं. ते आले, गॉगल काढून पाहिलं आणि म्हणाले, “स्वच्छच तर आहे की!” मग खिशातून टेप काढला. माझं तारेचं कुंपण त्यांच्याकडे चार बोटं सरकल्याचा त्यांना संशय होता.

तणनाशक मारा, असा सल्ला इथे कोणीही देतं. पण २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारता फवारता याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. तेव्हापासून पाठीवरचा पंप दिसला की माझी थट्टा आटते. मी हातानेच उपटतो.

मजूर मिळावा तर जुलै-ऑगस्टात साऱ्या बाया निंदणाला गेलेल्या. त्यांतली एक संध्याकाळी परतताना माझ्या धुऱ्याशी थांबली. मी हातात जुने पायमोजे घालून विळ्याने गवत कापत होतो. तिने बराच वेळ पाहिलं.

“कायले कापता साहेब? बुडापासून उपटा. कापलं त आणखीन फुटते थे.”

तिने वाकून एक झाड मुळासकट काढून दाखवलं. पाल्यावर एक भुंगा होता, पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. हाच तो मेक्सिकन भुंगा. १९८४ मध्ये बंगळुरूकडे गाजरगवतावर सोडला आणि तिथून पसरत गेला. पावसाळ्यात पाला खातो, मग मातीत शिरतो आणि पुढच्या पावसापर्यंत बाहेर येत नाही. सेवाशर्ती पाहता परमनंट असावा. मात्र इतकं मानलं पाहिजे की हद्दीच्या दोन्ही अंगांचं तो सारख्याच भुकेने खातो. लेआउटमध्ये असा निःपक्ष माणूस मला भेटलेला नाही.

बाईने जाताना ओटीत थोडा तरोटा खुडून घेतला. तरोटा गाजरगवताला दाबतो असं तज्ज्ञही सांगतात, आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची लसूण-मिरची घालून केलेली भाजी पहिल्या पावसाची खरी खूण. पण तिने पहिला शेंडा खुडला मात्र, पश्चिमेच्या काकाजींचा आवाज आला. “ओ बाई, थे आमच्याकडचं हाय!” गवतात हरवलेली हद्द काकाजींना जागच्या जागी दिसली. सीताफळाचंही तसंच. झाड माझ्या बाजूला; फांदी त्यांच्या बाजूला झुकलेली. झाडाखालचा पालापाचोळा माझा, पिकलेलं फळ त्यांचं, असा वर्षानुवर्षांचा तोंडी करार आहे. मी तो कधी केला, हे आठवत नाही.

पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या मेढी ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरंसोरं त्या उचलून, इडापिडा, रोगराई, ढेकूण-मच्छर मारबतीच्या हवाली करत वेशीबाहेर नेतात. यंदा माझ्या सांगण्यावरून पोरांनी यादीत गाजरगवतही घातलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडत निघाली. पण वेस हल्ली फार लांब गेली आहे, आणि सकाळी शाळेची व्हॅन असते. तेव्हा साऱ्या लेआउटची इडापिडा पोरांनी पूर्वेच्या रिकाम्या प्लॉटमध्ये टाकली. मी हटकलं, तर त्यांतला सर्वांत लहान म्हणाला, “काका, तुमच्या बाजूले नाही टाकली, थिकडच्या बाजूले टाकली.”